अकरा फूट आठ इंच

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम नावाचे शहर आहे. तंबाखूच्या व्यापारावर वाढलेले. त्याच्या जुन्या भागात, विटांच्या गोदामांपासून जवळच, ग्रेगसन स्ट्रीट नावाचा रस्ता रेल्वेमार्गाखालून जातो. वरचा पूल दिसायला साधा : पोलादी गर्डर, त्यावर रूळ, आणि १९४०च्या सुमाराचे बांधकाम. रस्त्याच्या डांबरापासून या पुलाच्या तळापर्यंतची उंची २०१९ सालापर्यंत ११ फूट ८ इंच, म्हणजे साधारण ३.५६ मीटर होती. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ट्रकला १३ फूट ६ इंच उंचीची मुभा आहे. या दोन आकड्यांमधल्या जवळजवळ दोन फुटांच्या तफावतीने तिथे काय केले, ते कॅमेऱ्यात नोंदलेले आहे. समोरच्या इमारतीत काम करणाऱ्या एका माणसाने २००८ साली पुलाकडे तोंड करून कॅमेरा लावला आणि त्यानंतरच्या वर्षांत शंभराहून अधिक धडका टिपल्या. चित्र बहुतेक वेळा एकच असते. भाड्याचा बंद ट्रक सरळ येतो, टपाचा पुढचा काठ पुलापुढच्या लोखंडी तुळईला भिडतो, आणि पत्रा डब्याच्या झाकणासारखा मागे गुंडाळत जातो. ट्रक थांबतो. पूल जागचा हलत नाही. थोड्या वेळाने त्याच्यावरून गाडी जाते. या पुलाला तिथले लोक ‘कॅन ओपनर’ म्हणतात, डबा उघडायचे हत्यार. नाव गमतीचे आहे, पण पुलाच्या त्या न हलण्याकडे मला गमतीने पाहता येत नाही. पूल धक्का सोसतो याचे आपल्याला कौतुक वाटते आणि ते रास्तही आहे. पण धक्का सोसताना तो आणखी एक गोष्ट टिकवून धरतो : त्याची उंची ठरवणारा जुना निर्णय. पूल जितका भक्कम, तितका तो निर्णय बदलण्याचा तगादा कमी. ठेंगण्या पुलांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते.

डरहॅमचा पूल इतका ठेंगणा का, याचे तिथले उत्तर ऐकून घेण्यासारखे आहे. शहर वसले तेच रेल्वेच्या ठाण्याभोवती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मार्ग आला, मग तंबाखूचे कारखाने आले, मग रस्ते. म्हणजे रुळांची पातळी आधी ठरली आणि रस्त्याने तिच्याशी जमवून घेतले. आता रूळ वर उचलायचे तर दोन्ही बाजूंना जवळच फाटके आहेत, तिथले रस्तेही उचलावे लागतील. रस्ता खाली खणायचा तर त्याच्याखालून शंभर वर्षांहून जुनी सांडपाण्याची मुख्य वाहिनी जाते, तीही फार खोल नाही. वरून रूळ, खालून गटार, मधे ११ फूट ८ इंच. अडचण खरी आहे. पण अशा प्रत्येक पुलाबाबत याच्या जोडीला दुसरे एक वाक्य हमखास ऐकू येते : त्या काळी गाड्याच लहान होत्या, बांधणाऱ्यांना पुढचे काय दिसणार? हे वाक्य मात्र तपासून घ्यायला हवे, कारण कागदपत्रे वेगळे सांगतात.

ब्रिटनच्या संसदेने १८४५ साली रेल्वे कंपन्यांसाठी एक सर्वसाधारण कायदा केला. मोटार जन्मायला तेव्हा चाळीस वर्षे अवकाश होता. रस्त्यावर होते ते घोडे, डाकगाड्या आणि गवताच्या भाऱ्यांनी लादलेले गाडे. तरीही त्या कायद्यात रेल्वेने रस्त्यावरून पूल नेला तर खाली किती जागा सोडायची, हे फुटांत लिहिलेले आहे. टोल घेणाऱ्या हमरस्त्यावर किमान १२ फूट रुंदीत १६ फूट उंची, इतर सार्वजनिक गाडीरस्त्यावर १० फूट रुंदीत १५ फूट, आणि खासगी वाटेवरसुद्धा ९ फूट रुंदीत १४ फूट. डरहॅमच्या पुलाशी ताडून पाहावे. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, घोड्यांच्या काळात, शेतकऱ्याच्या खासगी वाटेलासुद्धा कायद्याने त्याच्याहून दोन फूट चार इंच जास्त उंची दिली होती. तेव्हा उंच गाड्यांची कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. गवताचा गाडा रचून भरला की किती उंच होतो हे संसदेत बसलेल्या जमीनदारांना नेमके ठाऊक होते, कारण तो गाडा त्यांचाच होता. रस्त्याच्या बाजूने बोलणारा वजनदार माणूस तिथे हजर होता, म्हणून रस्त्याला १६ फूट मिळाले. ज्या वाटेच्या बाजूने कोणी नव्हते तिथे सवलती निघाल्या. ईली या इंग्लंडमधल्या गावी स्टेशनशेजारचा रस्ता ९ फूट उंचीच्या पुलाखालून जात असे, कारण त्याला लागूनच फाटक होते. उंच गाडीने फाटकातून जावे, बुटक्या गाडीने पुलाखालून, अशी ती सोय. वाहतूक वाढली, फाटक तासातला बराच वेळ बंद राहू लागले, आणि सोयीची ती वाट देशातल्या सर्वांत जास्त धडका खाणाऱ्या पुलांपैकी एक ठरली. २०१८ साली गावाबाहेरून वळणरस्ता झाला तेव्हा कुठे तिथला ताण उतरला.

अमेरिकेतला दुसरा दाखला याहून बोलका आहे. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड काम सुरू झाले तेव्हा पुलांखालची उंची १४ फूट धरली होती. ट्रकवाल्यांच्या साडेतेरा फुटांना ती पुरत होती, जेमतेम. मग संरक्षण खात्याने आक्षेप घेतला. क्षेपणास्त्रे आणि जड युद्धसामग्री रस्त्याने न्यायची तर १४ फूट अपुरे होते. १९६० साली मानक १६ फुटांवर नेले गेले, आणि तोवर कमी उंचीचे बांधून झालेले पूल हा पुढे कित्येक वर्षे खर्चाचा विषय झाला. दोन फूट वाढायला तीन-चार वर्षांची चर्चा पुरली, कारण मागणारा तसा होता. याच्या उलट टोकाला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या उद्यानमार्गांवरचे दगडी, देखणे, बुटके पूल आहेत. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याने ते मुद्दाम ठेंगणे ठेवले, म्हणजे बसमधून येणाऱ्या गरिबांना समुद्रकिनारा गाठता येऊ नये, असे रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मोझेसच्या चरित्रात लिहिले. पुढच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतली : त्या मार्गांवर बस आणि मालवाहू ट्रकना नियमानेच बंदी होती, मग पुलाची उंची हेच हत्यार कशाला हवे? मला ही शंका वजनदार वाटते. हेतू काय होता हे सिद्ध करणे अवघड आहे. पण परिणाम सिद्ध करावा लागत नाही, तो तिथे उभा आहे. नियमाची पाटी एका सहीने उतरवता येते. दगडी कमान उतरवायला पिढी जाते.

आता पूल धक्का सोसतो म्हणजे काय होते, ते नीट पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली कोणतीही वस्तू, मग ती सायकल असो की ट्रक, जितकी गतिज ऊर्जा घेऊन चाललेली असते ती तिला सुमारे १० मीटर उंचीवरून खाली सोडल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेइतकी असते. म्हणजे दहा टनांचा ट्रक त्या वेगाने पुलाला भिडतो तेव्हा हिशेब तिसऱ्या मजल्यावरून दहा टन खाली पडण्याचा असतो. वेग ८० केला की ती उंची १० मीटरवरून २५ मीटरवर जाते. वेग दीडपटीहून थोडा जास्त, मार मात्र अडीच पट. ही ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. डरहॅममध्ये ती जिरते ट्रकच्या डब्यात. भाड्याच्या ट्रकचा डबा म्हणजे ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा आणि बारीक फासळ्या. तो फाटत जातो, फाटताना ऊर्जा खातो, आणि पुलापर्यंत पोचणारा जोर त्या पत्र्याच्या ताकदीपेक्षा फारसा वाढू शकत नाही. पुलाच्या टिकण्यात पुलाच्या मजबुतीइतकाच वाटा ट्रकच्या मऊपणाचा आहे. तोच ट्रक जर उत्खनन यंत्र पाठीवर घेऊन निघाला असेल आणि त्याचा लोखंडी बाहू चार इंच जास्त उंच राहिला असेल, किंवा खडी ओतून झाल्यावर डंपरचा हौदा खाली करायचा विसरून चालक निघाला असेल, तर गणित पालटते. तिथे चुरगळणारे काही नसते. सगळा मार जसाच्या तसा गर्डरला बसतो.

आणि गर्डर त्या मारासाठी घडवलेला नसतो, हे पुष्कळांना माहीत नसते. पुलाची रचना मुख्यतः वरून खाली येणाऱ्या भारासाठी करतात. रेल्वेचा गर्डर शेकडो टनांची मालगाडी वर्षानुवर्षे पेलतो, पण ती वरून. बाजूने, आणि तेही तळाच्या काठावर बसणारा आडवा ठोसा ही त्याच्या दृष्टीने परकी गोष्ट आहे. अमेरिकेच्या नियमावलीत रस्त्यालगतच्या खांबावर वाहन आदळेल असे धरून २६०० किलोन्यूटनहून अधिक, म्हणजे सुमारे २७० टनांच्या वजनाइतका जोर सोसायची तरतूद आता असते; वरच्या गर्डरसाठी मात्र पुरेशी उंची सोडणे हाच मुख्य उपाय मानला जातो. उंची सोडली नसेल तर? दगडी किंवा विटांच्या कमानी यातून बऱ्याचदा सुटतात. त्यांचे वजन अफाट, आतला भराव घट्ट, आणि धडकेने काही दगड निखळले, कड फुटली, तरी सगळी कमान बाजूला सरकणे दुर्मीळ. पोलादी गर्डरची तळपट्टी वाकते, पीळ पडतो, जोडपट्ट्या फाटतात. ताण दिलेल्या काँक्रीटच्या तुळईचे ढलपे उडतात आणि आतल्या तारा उघड्या पडतात, कधी तुटतात. एक तार तुटली की तिने धरलेला ताण बाकीच्यांवर जातो. पण रेल्वेचे अभियंते सर्वांत जास्त भितात ते वेगळ्याच गोष्टीला. हलका पोलादी गाळा आपल्या टेकूवरून काही सेंटिमीटर सरकला तर खालून तो शाबूत दिसतो, वरचे रूळ मात्र वाकलेले असतात, आणि पुढची गाडी वेगाने येत असते. म्हणून ब्रिटनमध्ये ठेंगण्या पुलांवर पुलाचा क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पाटी असते. धडक झाली की कळवायचे, आणि कोणी तपासून सांगेपर्यंत गाड्या रोखायच्या किंवा अगदी हळू सोडायच्या. तिथे वर्षाला दीड हजारांहून अधिक अशा धडका नोंदल्या जातात. प्रत्येक धडकेमागे खोळंबलेल्या डब्यांत बसलेली माणसे आहेत, ज्यांचा त्या ट्रकशी काडीचा संबंध नाही.

वाकलेला गर्डर सरळ करायची एक रीत आहे, आणि लोहाराच्या भात्याशी तिचे नाते थेट आहे. वाकलेल्या जागी खडूने इंग्रजी व्ही अक्षरासारखे त्रिकोण आखतात. टोकापासून सुरुवात करून ज्योत नागमोडी फिरवत रुंद बाजूकडे नेतात. पोलाद मंद लालसर दिसू लागते, पण तापमान साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नाही, नाहीतर धातूचा पोत बदलतो. तापलेला भाग फुगू पाहतो. भोवतालचे थंड पोलाद त्याला फुगू देत नाही, म्हणून तो लांबीत दबतो आणि जाडीत फुगतो. आणि निवताना आक्रसला की मूळ लांबीपेक्षा किंचित आखूड होतो. त्रिकोणाची रुंद बाजू जास्त आखडते, त्यामुळे पट्टी केसभर सरळ होते. मग निवू द्यायचे आणि पुन्हा आखायचे. जॅकने हलका दाब द्यायचा, पण जोराने ओढायचे नाही. एका खोल बाकासाठी असे कित्येक फेरे होतात. हे काम जाणणारे कारागीर गर्डर न बदलता त्याला पुन्हा रुळांखाली उभा करतात. त्यांच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. आणि तरीही हेच लक्षात घ्यायला हवे की या कौशल्याने उंची एका इंचानेही वाढत नाही. सरळ केलेला गर्डर पुढच्या ट्रकची वाट पाहत असतो.

माझ्या मुद्द्याचा गाभा पुलापुढच्या त्या लोखंडी तुळईत आहे. तिला रक्षक तुळई म्हणू. पुलाच्या थोडी अलीकडे, स्वतःच्या आधारावर, पुलाच्या तळाइतकी किंवा जराशी खाली अशी ती बसवतात. ट्रक आधी तिला भिडतो. ती वाकते, रेल्वे ती बदलते, आणि गर्डरला ओरखडाही येत नाही. अभियांत्रिकी म्हणून याला नाव ठेवायला जागा नाही. वरून प्रवाशांनी भरलेली गाडी जाते. एका चुकलेल्या ट्रकमुळे ती घसरू नये हे पाहणे रेल्वेचे पहिले कर्तव्यच आहे. मी हे मनापासून मान्य करतो. पण तुळई बसल्यावर हिशेबाची वही कशी बदलते ते पाहा. आधी प्रत्येक धडक ही पूल ज्याच्या ताब्यात आहे त्याची अडचण होती : तपासणी, खोळंबा, दुरुस्ती, धोका. तुळईनंतर ती ट्रकवाल्याची, त्याच्या विमा कंपनीची, आणि काचा झाडायला येणाऱ्या नगरपालिकेची अडचण झाली. ज्याच्या हातात उंची बदलणे आहे त्याला आता दुखत नाही, आणि ज्याला दुखते त्याच्या हातात काही नाही. डरहॅममध्ये शहराने जे जे आपल्या हातात होते ते केले. पाट्या लावल्या, चमकणारे दिवे लावले. २०१६ साली तर उंच गाडी ओळखणारे संवेदक बसवून ते चौकातल्या सिग्नलला जोडले, म्हणजे उंच गाडी आली की लाल दिवा लागेल आणि गाडी उंच आहे, वळा, अशी अक्षरे उजळतील. धडका कमी झाल्या असतील, थांबल्या नाहीत. काही चालक लाल दिव्याला शहाण्यासारखे थांबत, तो हिरवा झाला की सरळ पुलाखाली जात.

‘पूल टिकला’ या वाक्यात कोण मोजले जात नाही, याचे उत्तर न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज शहराजवळ मिळते. तिथे ओनोंडागा सरोवराकाठच्या रस्त्यावर रेल्वेचा जुना पूल आहे, उंची १० फूट ९ इंच. ११ सप्टेंबर २०१० रोजी, उजाडायच्या आधी, वाट चुकलेली एक दुमजली प्रवासी बस त्याखाली शिरली. बसची उंची १३ फूट होती. वरच्या मजल्याचा पुढचा भाग गर्डरने दाबला गेला आणि चार प्रवासी मेले. तिथे पत्र्याच्या डब्यात कपाटे आणि गाद्या नव्हत्या, माणसे झोपलेली होती. पूल उभा राहिला. त्यानंतर पाट्या वाढल्या, इशारे वाढले, उंची ओळखणारी यंत्रणा आली. उंची तीच राहिली आणि धडका पुढेही होत राहिल्या. चार मृत्यूंनी जे हलले नाही त्याच्याशेजारी वॉशिंग्टन राज्यातली २३ मे २०१३ची संध्याकाळ ठेवावी. स्कॅगिट नदीवरचा १९५५चा महामार्ग पूल हा पोलादी कैच्यांचा. गाड्या कैच्यांच्या मधून जात आणि डोक्यावर आडव्या चौकटी. या चौकटी कमानीसारख्या वळलेल्या होत्या, म्हणजे रस्त्याच्या मध्यावर सतरा फुटांच्या आसपास जागा आणि कडेला त्याहून दोनेक फूट कमी. जवळजवळ १६ फूट उंचीचा माल घेऊन निघालेला ट्रक कडेच्या मार्गिकेत राहिला. त्याच्याजवळ परवाना होता, पुढे उंची मोजणारी काठी लावलेली मार्गदर्शक गाडीही होती. माल एकामागून एक चौकटींना घासत, आपटत गेला, आणि अख्खा गाळा नदीत कोसळला. अशा पुलांत एक मुख्य अवयव गेला की भार वाटून घ्यायला दुसरा नसतो. दोन गाड्या पाण्यात पडल्या, त्यांतली तिन्ही माणसे वाचली. कोणी मेले नाही. पण दिवसाला सत्तर हजारांवर गाड्यांचा मार्ग तुटला होता. चार आठवड्यांच्या आत तात्पुरता गाळा उभा राहिला, सप्टेंबरात कायमचा बसला, आणि त्याच वर्षी उरलेल्या जुन्या गाळ्यांच्या वळलेल्या चौकटी बदलून तिथली उंचीही वाढवली गेली. दोन्ही घटनांत उंच वाहन आणि ठेंगणी जागा हेच होते. फरक एवढाच की एका ठिकाणी माणसे मोडली आणि दुसऱ्या ठिकाणी पूल.

यावर पहिला आक्षेप चालकाचा येतो, आणि तो हलका नाही. पाटी आहे, दिवा आहे, तरी जो घुसतो त्याचा दोष पुलाला का? दोष चालकाचा असतोच. कायदाही तसेच म्हणतो. पण पाटी एकच आकडा सांगते, दुसरा चालकाच्या डोक्यात असावा लागतो. अमेरिकेत २६ हजार पौंडांपर्यंतचा ट्रक साध्या मोटारीच्या परवान्यावर भाड्याने मिळतो. घर बदलायला निघालेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा इतके उंच वाहन हाती घेतो आणि त्याच्या शरीराला सवय असते पाच फुटी मोटारीची. बोस्टनमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला विद्यार्थी घरे बदलतात आणि स्टॉरो ड्राइव्हच्या बुटक्या पुलांखाली ट्रक अडकतात. हे दरवर्षी इतके ठरलेले आहे की त्या रस्त्याच्या नावावरून तिथे क्रियापदच तयार झाले. शिवाय आकडाही स्थिर नसतो. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की पुलाखालची जागा तेवढी कमी होते. पुलाखाली रस्ता खोलगट असेल तर लांब ट्रेलरची पुढची आणि मागची चाके दोन चढांवर राहतात आणि मधला टप पुलाला जास्त जवळ येतो. रिकामी गाडी स्प्रिंगांवर उचललेली असते, म्हणून माल भरून जाताना जो चालक सुखरूप निघून गेला तोच परतताना अडकू शकतो. वेगवेगळी माणसे वर्षानुवर्षे एकाच जागी एकच चूक करत असतील, तर त्या जागेचीही झडती घ्यायला हवी.

दुसरा आक्षेप पैशाचा. जगभर असे हजारो पूल आहेत. सगळे उचलायचे म्हटले तर रेल्वे दिवाळखोरीत निघेल, आणि मालवाहतूक रेल्वेकडून ट्रककडे ढकलली गेली तर रस्त्यावरचे मृत्यू वाढतीलच. हे मी नाकारत नाही. प्रत्येक ठेंगणा पूल उचला, अशी मागणीच नाही. कित्येक वाटांवर तुळई आणि वळणरस्ता हेच शहाणपण आहे. ईलीत तेच झाले. माझे म्हणणे हिशेबाविषयी आहे. खर्चाची तुलना करताना पूल उचलण्याचा खर्च एका रकान्यात येतो आणि न उचलण्याचा खर्च शंभर ठिकाणी विखुरलेला राहतो : कुणाचा ट्रक, कुणाचे सामान, कुणाचा तास, कुणाचा जीव. विखुरलेला खर्च बेरजेत दिसत नाही, म्हणून उंची आहे तिथेच ठेवणे नेहमी स्वस्त वाटते. स्कॅगिटला तो खर्च एका दिवशी एका जागी गोळा झाला, आणि लगेच परवडला.

हाच हिशेब मुंबईने उलट्या बाजूने पाहिला आहे. तिथे ठेंगण्या पुलाखाली ट्रक नव्हता, लोकल होती. मध्य रेल्वेच्या तारांतली वीज १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावरून २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेली गेली, आणि इतक्या दाबाच्या तारेला वरच्या पुलापासून जास्त अंतर लागते. ब्रिटिश काळातले रस्तापूल त्या अंतराच्या आड येत होते. सँडहर्स्ट रोडजवळचा १८७९चा हँकॉक पूल गाड्यांच्या वेगावर बंधन घालत होता, आणि जानेवारी २०१६ मध्ये अठरा तासांचा मेगाब्लॉक घेऊन तो उतरवला गेला. पूल पडायला अठरा तास लागले. त्याच्या जागी नवा, उंच पूल रहदारीला खुला व्हायला सहा वर्षांहून जास्त. ती सहा वर्षे डोंगरी-माझगावच्या लोकांनी वळसे घालून काढली. इथे उंची मागणारी रेल्वे होती, म्हणून दगड-लोखंडाला हात लागला. जिथे उंची मागणारा उसाची ट्रॉली किंवा कडब्याची गाडी घेऊन निघालेला शेतकरी आहे, तिथे काय होते तेही आपल्या गावागावांत दिसते. फाटके बंद करून त्यांच्या जागी रेल्वेखालून जे भुयारी मार्ग झाले त्यांना रेल्वेच्या भाषेतच ‘मर्यादित उंचीचा’ म्हणतात. फाटकातून, विजेच्या तारेखालच्या हाइट गेजने दिलेल्या ४.६७ मीटरपर्यंत, भरलेली गाडी जात होती. फाटकावरचे अपघात थांबले हा मोठा लाभ आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. पण मर्यादा कोणाच्या गाडीवर आली, हे त्या नावात लिहिलेले नाही. भुयाराच्या तोंडाशी उभारलेल्या लोखंडी चौकटीवर रंग उडालेले पट्टे दिसतात. तिथे गाड्या घासून गेल्या आहेत.

डरहॅमचा पूल शेवटी उचलला गेला. २०१९च्या ऑक्टोबरअखेर जॅक लावून गाळा वर घेतला, दोन्ही बाजूंच्या रुळांना उतार जुळवून दिला आणि नवी तुळई बसवली. खर्च सुमारे पाच लाख डॉलर. इतकी वर्षे रूळ वर घेता येत नाहीत असे म्हटले जात होते. फाटकांना धक्का न लावता जेवढे घेता येत होते तेवढे, म्हणजे ८ इंच, घेतले. नवी उंची १२ फूट ४ इंच झाली. तिचा उपयोग झाला, कारण भाड्याचे कित्येक ट्रक याच ८ इंचांच्या फरकात बसत होते आणि आता ते खालून निघून जातात. पण परवानगी असलेल्या १३ फूट ६ इंचांच्या ट्रकला अजून १ फूट २ इंच कमी आहेत, आणि ती जुनी सांडपाण्याची वाहिनी रस्त्याखाली जिथे होती तिथेच आहे. नोव्हेंबर संपायच्या आत नव्या तुळईला पहिला ट्रक लागला. टप फाटला, तुळईचा रंग निघाला, वरची गाडी वेळेवर गेली.